पितळखोरा रिव्ह्यू: सिमेंटची हरणं पुरे झाली, हे हत्ती बघून या

आपल्याकडे जंगलात शिल्प म्हटलं की काय असतं ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. गेटवर सिमेंटचा वाघ, ऑइलपेंटने रंगवलेले दात, बाजूला हरणाची जोडी ज्यातल्या एकाचं शिंग तुटून आतली सळई बाहेर आलीये, आणि पुढे चोच वासून बसलेला पेंग्विन, त्याच्या तोंडात कचरा टाकायचा. खान्देशात ४५ डिग्रीत पेंग्विन, पण चालायचंच. एका उद्यानात तर (नाव घेत नाही, उगाच कोणाला वाईट वाटायला नको) वाघाच्या पाठीवर पोरं बसून बसून रंग पार उडालेला, माझ्या भाचीने विचारलं मामा हे गाढव आहे का. मी हो म्हटलं.

तर ज्यांना जंगलात उभं असलेलं खरं शिल्प बघायचंय, तेही म्युझियमच्या काचेआड नाही तर ऊन पाऊस खात उभं असलेलं, त्यांनी गौताळा अभयारण्यातल्या पितळखोऱ्याला जाऊन या. मी यावेळी फक्त शिल्पांसाठी म्हणून गेलो, लेणी वगैरे बोनस. सोबत चाळीसगावचे आमचे जिभाऊ होते, ते या भागात लहानपणापासून गुरांमागे फिरलेत, आणि भाची होती जिला गाढवाचा किस्सा अजून आठवतो.

आधी जागा सांगतो म्हणजे गोंधळ नको. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, साधारण २६० चौरस किलोमीटर, त्यातला थोडा भाग आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात आणि मोठा भाग पलीकडे संभाजीनगरकडे. सातमाळ्याची रांग आहे ही. कागदोपत्री पितळखोरा कन्नड तालुक्यात जातं, पण दरीचं तोंड आपल्या बाजूला, पाणी उतरतं पाटणादेवीकडे, म्हणून चाळीसगावचा माणूस कागद बिगद मानत नाही, पितळखोरा आमचंच म्हणतो आणि विषय संपवतो. जळगाव भुसावळकडची मंडळी पाहुणे आले की सरळ अजिंठ्याला नेतात, तिथे रांग, पार्किंग, मग बस, मग परत रांग. इकडे सुट्टीचा दिवस सोडला तर माणूस दिसत नाही.

जायचे रस्ते दोन. एक, चाळीसगावहून औट्रम घाट (आपण कन्नड घाट म्हणतो तो) चढून वर जायचं आणि कालीमठाच्या बाजूने पठारावर गाडी लावून पायऱ्यांनी खाली दरीत उतरायचं. घाटाला नाव ज्या औट्रमचं आहे तो इंग्रज अधिकारी १८२५ मध्ये खान्देशात भिल्लांची पलटण उभी करायला आला होता, बाकी त्याचं इथे काही काम नाही. २०२१ च्या ऑगस्ट शेवटी इतका पाऊस झाला की दरडी पडून हा घाट बंद होता आणि चाळीसगावात तितूर डोंगरी नद्यांच्या पुराने हाहाकार केला, त्यामुळे पावसाळ्यात निघायच्या आधी घाट चालू आहे का ते फोन करून विचारा, गूगल मॅपला दरड दिसत नाही. दुसरा रस्ता पाटणादेवीकडून दरीदरीने चालत, तो खरा भारी आहे पण तंगडतोड आहे, वाट माहीत असलेला माणूस सोबत पाहिजेच आणि आधी वनखात्याच्या लोकांना विचारून निघायचं. बिबट्या, अस्वल इथे आहेत. २०२१ मध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वरातून एक वाघ चालत चालत इथे येऊन मुक्कामाला राहिला होता, सिमेंटचा नाही, खरा. भाचीसाठी आम्ही वरचा रस्ता घेतला.

पायऱ्या उतरताना आधी काहीच दिसत नाही, नुसता अंजन, साग, पळस आणि खाली पाण्याचा आवाज. मग ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडला की समोर कातळाची भिंत आणि त्यात ओळीने लेणी. बरीच लेणी दर्शनी बाजूने कोसळलेली आहेत हे आधीच सांगतो, नाहीतर वेरूळ डोक्यात घेऊन जाल आणि तोंड पाडून याल. हा बसाल्टचा खडक थराथराचा, मधल्या ठिसूळ थरात पाणी मुरतं आणि वरचा थर खाली बसतो, दोन हजार वर्षं हेच चाललंय. ही बौद्ध लेणी इसवी सन पूर्व दुसऱ्या पहिल्या शतकातली धरतात, म्हणजे देशातल्या सगळ्यात जुन्या कोरीव लेण्यांत यांचा नंबर.

आता मेन गोष्ट. ४ नंबरचं लेणं, भिक्षूंचा विहार. त्याच्या जोत्याला नऊ हत्ती कोरलेत. समोरून. म्हणजे हत्ती तुमच्याकडे तोंड करून उभे आहेत आणि अख्खा विहार आपल्या पाठीवर घेऊन उभे राहिल्यासारखे वाटतात. आकार इतका मोठा की जवळ गेलं की एका हत्तीच्या कपाळाशिवाय दुसरं काही दिसत नाही, आणि मला वाटतं घडवणाऱ्याला हेच पाहिजे होतं. फोटोत हे येतच नाही. फोटोत नक्षीचा पट्टा दिसतो आणि प्रत्यक्षात तुम्ही नऊ हत्तींच्या समोर उभे असता. बहुतेकांच्या सोंडा गेल्यात, काहींचे दात गेलेत, तरी कपाळाचे दोन उंचवटे, डोळ्याच्या वर चामडीला पडते ती घडी, कानाची खाली ओघळलेली कड, हे सगळं शाबूत आहे. कानाचीच गोष्ट घ्या, सिमेंटवाले कान चिकटवतात, मागून वेगळा पत्रा लावल्यासारखा. इथे कान मानेतून निघतो, मागे जाड आणि कडेला पातळ होत होत खडकात विरतो. बोट फिरवायचा मोह होतो, फिरवू नका, हाताच्या घामाने दगडही झिजतो. मी भाचीला लांबूनच दाखवलं, ती म्हणाली याचा कान हलेल आता. जिभाऊंचं म्हणणं त्याहून सरळ, "सोंडा नहीत तरी बी हत्तीच वाटतस ना भो." यापेक्षा चांगला रिव्ह्यू मला लिहिता येणार नाही खरं तर.

हत्तींच्या बाजूने दरवाजाकडे पायऱ्या चढतात आणि दाराशी दोन द्वारपाल. हे माझे आवडते. आपल्याला देवळातले द्वारपाल माहीत असतात, उघडे, दागिने घातलेले, गदा धरून. हे तसले नाहीत. अंगात चक्क गुडघ्यापर्यंतचा शिवलेला अंगरखा, हातात भाला, दुसऱ्या हातात ढाल, आणि चेहरा एकदम निवांत, ड्युटीवर आहे पण टेन्शन नाही असा. अंगरखा बघून अभ्यासक म्हणतात की पोशाखाची ही पद्धत उत्तर पश्चिमेकडच्या शकांसारखी आहे. पटतं, कारण ही दरी काही आडबाजूला नव्हती, दख्खनच्या पठारावरून खाली खान्देशात उतरायची वाट इथूनच, पैठणचा माल याच बाजूने किनाऱ्यावरच्या बंदरांकडे जायचा. म्हणजे कोरणाऱ्याने असला अंगरखा घातलेला माणूस डोळ्यांनी बघितलेला असणार, नुसता ऐकून कोरलेला वाटत नाही, कापडाची चुणी कुठे पडते ते त्याला माहीत आहे.

पायऱ्यांच्या जवळच पाच फण्यांचा नाग आहे आणि इथे जरा थांबा, लोक सेल्फी घेऊन पुढे जातात. खडकात मुरणारं पाणी विहारात शिरू नये म्हणून मागून खडकातच बोगद्यासारखा मार्ग कोरून ते पाणी बाहेर काढलंय आणि बाहेर जिथे पडतं तिथे हा नाग, पाणी त्याच्या फण्यांतून पडावं अशी योजना. म्हणजे गटाराचं तोंड आहे हो ते शेवटी! पण त्यालाही नाग केला. आता आपल्याकडे नव्या बिल्डिंगला पावसाच्या पाण्याचा पाइप कुठून काढतात ते बघा, दर्शनी भिंतीवरून खाली, त्यावर ग्राउंड फ्लोअरवाल्याची दोरी, दोरीवर चड्ड्या. पावसाळ्यात हा नाग चालू असताना बघायची माझी इच्छा अजून राहिलीये, आम्ही गेलो तेव्हा फण्याखाली नुसती शेवाळ्याची हिरवी रेघ होती.

मला नेहमी वाटतं की उघड्यावरचं शिल्प चांगलं की वाईट हे पावसात कळतं. रंगवलेलं हरीण दोन पावसाळ्यांत हरतं आणि मग दरवर्षी परत रंग. इथे कोरणाऱ्यांनी पाणी येणार हे धरूनच काम केलंय, पाणी कुठून येईल, कुठे थांबेल, कुठून काढायचं. हरले तेही, खडकच ठिसूळ निघाला त्याला ते तरी काय करणार, पण झगडा बरोबरीचा केला.

आता नसलेल्या शिल्पाबद्दल, कारण माझ्या मते या जागेचा हिरो तोच आहे आणि तो दिल्लीत बसलाय. १९५३ च्या सुमाराला पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी या लेण्यांपुढचा ढिगारा उपसला, हे अंगण सगळं कोसळलेल्या दगडमातीखाली गाडलेलं होतं, त्यातून बरीच शिल्पं निघाली. त्यात एक यक्ष. बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर भांडं धरलेलं आणि दात दाखवून असा खुशीत हसतोय की आपणही हसतो. त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला ब्राह्मीत लिहिलंय की हा कण्हदास नावाच्या सोनाराने केला. सोनाराने! त्या काळात दगडावर कारागिराचं नाव सापडणंच मुश्कील, दान देणाऱ्याचं असतं, राजाचं असतं, घडवणाऱ्याचं कोण लिहितो. आणि घडवणारा निघाला सोनार. जळगावकरांनो, सोन्याच्या भावावर आपण तासभर बोलू शकतो, सराफ बाजाराची कॉलर ताठ करून फिरतो, पण आपल्याच डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी एका सोनाराने दगडात हा माणूस घडवलाय हे किती जणांना माहितीये? यक्षाच्या गळ्यातले आणि कानातले दागिने नीट बघितले की हात कोणाचा ते कळतं, दागिना अंगावर कसा लोंबतो, त्याचं वजन कुठे येतं हे त्याला रोजच्या धंद्यातून ठाऊक.

तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिकडे सुरक्षित आहे हे मान्य, इथे असता तर त्याच्या पोटावर कोणीतरी बदाम काढून बाण मारला असता याची मला खात्री आहे. पण मला इथे त्याची साधी प्रतिकृती दिसली नाही, फोटो दिसला नाही, आणि हे मला खटकलं. मूळ राहू द्या दिल्लीला, एक चांगली कॉपी दगडात, परत सांगतो दगडात, फायबरमध्ये नाही, अंगणात बसवली तर इथवर आलेल्या पोराला कळेल तरी की हत्ती, द्वारपाल, नाग आणि हा हसरा गडी मिळून एकच मोठं काम होतं. सध्या मी भाचीला मोबाईलवर दाखवला, तोही वरूनच डाउनलोड करून नेला होता कारण खाली रेंजच्या नावाने बोंब. तिने यक्ष बघितला आणि म्हणाली हा तर आपले आबा. पोट बघून म्हणाली, आबांना सांगितलेलं नाही.

पैसा कोणी दिला तेही इथे दगडावर आहे. ३ नंबरच्या चैत्यात, म्हणजे भिक्षूंच्या प्रार्थनेच्या लेण्यात, एका खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचं, म्हणजे अत्तर सुगंधाचा धंदा करणाऱ्याचं नाव आहे, आणि विहारात राजवैद्य मगिल आणि त्याच्या घरच्यांची नावं. म्हणजे एक खांब अत्तरवाल्याचा, एक डॉक्टरचा. आजच्या देवळातली पंख्यावरची नावं आठवून मला बरं वाटलं, रीत जुनीच आहे, फक्त यांनी खांब दिले.

चैत्य आतून बघाच पण मी त्यावर जास्त लिहीत नाही, खांबांवर नंतरच्या काळातली, पाचव्या सहाव्या शतकाच्या आसपासची बुद्धाची चित्रं उरलीत, फिकट झालीत, टॉर्च जपून वापरा आणि फ्लॅश अजिबात नको. काही ठिकाणी पडलेल्या भागाला आधार म्हणून सिमेंटचं काम केलेलं आहे. त्यावर नाक मुरडणारे बरेच भेटतील, मला नाही वाटत तसं. आधार आधारासारखा दिसतोय, हत्तीला कोणी सिमेंटची सोंड लावलेली नाही, हे केवढं मोठं सुख आहे ते मगाशी सांगितलेला वाघ बघितलेल्यालाच कळेल. ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला आणखी छोटी लेणी आहेत, आत स्तूप कोरलेत, तिकडे फार कोणी जात नाही, पाणी कमी असेल तर जा. पलीकडून इकडे बघितलं की मग अख्खी रचना लक्षात येते, ती चूक बरेच जण करतात की हत्तींना नाक लावून उभे राहतात आणि लांबून बघतच नाहीत. दोन्ही करा.

तक्रारी आता. एक नंबर, पब्लिक. दोन हजार वर्षांच्या भिंतीवर खिळ्याने नाव कोरणारा जो कोणी आहे, तारखेसकट, त्याला मी काय म्हणालो ते इथे लिहिता येत नाही. वेफर्सची पाकिटं, तीही आपल्याच केळी वेफर्सची, ओढ्यात. दोन नंबर, ब्लूटूथ स्पीकर. वर कातळाला आग्यामोहोळं लोंबतात, त्याखाली स्पीकर आणि परफ्यूम आणि सिगारेटचा धूर असं सगळं घेऊन एक ग्रुप उभा होता, जिभाऊंनी शांतपणे बोट वर करून दाखवलं, "ते देखा आन मंग वाजाडा." लगेच बंद. तीन नंबर, माहिती. शिल्पासमोर उभं राहून हे काय आहे ते कळावं इतकं काही मला वाचायला मिळालं नाही, म्हणून वाचून जा, किंवा हा रिव्ह्यू सेव्ह करा, फुकट आहे.

सोयींचं सरळ सांगतो, खाली जेवण, चहा, टॉयलेट काही मिळेल असं धरून चालू नका. पाणी घरून न्या, भरपूर न्या, उतरताना मजा येते आणि चढताना वरण बट्टी आठवते. आईवडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना पाटणादेवीला ठेवा, चंडिका देवीचं हेमाडपंती मंदिर, समोर डोंगर, सावली, त्यांचा दिवस छान जातो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला त्याचा १२०७ सालचा शिलालेख याच पाटणचा, गणिताचे मास्तर सोबत असतील तर त्यांना तिथून उठवणं अवघड जाईल एवढं लक्षात ठेवा. पायात जोर असेल तर बाजूच्या कन्हेरगडाच्या अंगाला नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी ही लेणीही आहेत, पण एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका, काहीच धड होत नाही.

कधी जायचं? पावसाळा संपता संपता, सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. धबधबा बारीक चालू असतो, ओढा ओलांडता येतो, जंगल हिरवं असतं. भर पावसात दगड साबणासारखे आणि ओढा कधी चढेल सांगता येत नाही. एप्रिल मेमध्ये कातळ तापतो, त्या दिवसांत मी शत्रूलाही पाठवणार नाही, फार तर तो पेंग्विन पाठवेन.

शिल्पांना पाचपैकी पाच. पोचण्याला तीन, त्यातला एक स्टार पायऱ्या उतरतानाच्या सावलीला. येताना हायवेवर जिथे शेवभाजी खाल्ली तिला एक, शेव आधीच भिजवून ठेवलेली होती आणि तर्रीत नुसता रंग, त्यापेक्षा अर्धा तास भूक मारा आणि चाळीसगावात येऊन जेवा. स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आता संग्रहालय आहे, फोटोग्राफीत जगभर नाव कमावलेला माणूस बरीचशी हयात त्याच घरात काढून गेला, तेही बघायचं असेल तर उघडं कधी असतं ते सकाळीच विचारून ठेवा, कारण पितळखोऱ्याहून वर चढून आल्यावर घड्याळ बघायची कोणाची तब्येत नसते.